खसरा आणि खार

छत्तीसगडात भिलाईजवळ असलेल्या जामुलच्या आमच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले म्हणजे एका बाजूला सिमेंट कारखान्याचे उंच धुरांडे आणि दुसऱ्या बाजूला, वस्ती संपते न संपते तोच सुरू होणाऱ्या धानाच्या बांध्या, अशी दोन दृश्ये एकाच नजरेत मावतात. हा कारखाना १९६५ च्या सुमारास उभा राहिला. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्ट्यांची मळी येथे सिमेंटात मिसळली जाते. माझे वडील भंडारा जिल्ह्यातून त्या काळी नोकरीसाठी येथे आले आणि येथेच स्थिरावले. घरची भाषा मात्र तिकडचीच राहिली, त्यामुळे बांधी (बांध घातलेले धानाचे शेत), पऱ्हे (रोपे), रोवणी (लावणी), धुरा (बांध) हे शब्द मी चिखलात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी आईच्या तोंडून शिकलो होतो. पुढे कामानिमित्त आसपासच्या गावांतून हिंडू लागलो तेव्हा शेतकऱ्यांचे शब्द निराळे निघाले, पण दप्तराचे शब्द आमच्याकडचेच होते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल, त्यानंतर १८५४ पासून इंग्रजी अमदानी आणि तिच्यातला मध्य प्रांत या एकाच छत्राखाली भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही मुलूख दीर्घकाळ नांदले असल्यामुळे मौजा, पटवारी, मालगुजार, खसरा या शब्दांसाठी मला कोणापाशी शिकवणी घ्यावी लागली नाही.

गेली चौदा वर्षे मी ज्या संस्थेत काम करतो तिचे काम सांगायला सोपे आहे. उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांवरून पिकाची अवस्था ओळखावयाची, तिची सांगड हवामानाच्या अंदाजाशी घालावयाची, आणि त्यातून निघणारा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर बोलक्या निरोपाच्या रूपाने पोचवावयाचा. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. या दोहोंच्या तफावतीवरून हिरवाई अंकांत मांडता येते, एवढेच त्यामागील तत्त्व आहे. मी कामाला लागलो तेव्हा आमच्या हाती येणाऱ्या भारतीय उपग्रहाच्या वारंवार मिळणाऱ्या चित्रात एक ठिपका म्हणजे छप्पन मीटर लांबी-रुंदीची जमीन, म्हणजे सुमारे पाऊण एकर. येथील अल्पभूधारकाची बहुतेक बांधी त्याहून लहान असते, म्हणून एकाच ठिपक्यात तीन घरांची शेती, एक बाभूळ आणि गाडीवाट अशी सगळी खिचडी होऊन जाई. पुढे युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह २०१५ आणि २०१७ साली गेले, ठिपका दहा मीटरांचा झाला, दर पाच दिवसांनी चित्र मिळू लागले, आणि एका एकरात चाळीस ठिपके मोजता येऊ लागले. त्या दिवसांतला आमचा आनंद मला अजून आठवतो. आता प्रत्येक बांधी आपल्याला दिसणार, असे आम्ही सर्वांनीच मनाशी धरले होते.

या विद्येचा आपल्या देशातील उगमच मुळी शेतकऱ्याच्या प्रश्नातून झालेला आहे. १९७० च्या सुमारास केरळातील नारळाच्या झाडांवर पडलेला रोग हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपण्याचा जो प्रयोग झाला, तो येथील सुदूर संवेदनाचा पहिला प्रयोग मानतात, आणि तो करणारे पिशारोटी हे त्यापूर्वी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनसंच बसवून शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या योजनेची धुरा एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाने वाहिली होती आणि तिच्यात रायपूर परिसरातील गावेही होती. एका गावी एक वृद्ध गृहस्थ मला भेटले, त्यांनी लहानपणी तो संच पाहिला होता. संध्याकाळी सगळा गाव पंचायतीसमोर बसे, बायाबापड्या लेकरे घेऊन येत, आणि पडद्यावरचा माणूस खत कसे टाकावे ते सांगे. ते म्हणाले, "चांगले सांगत असे, साहेब, पण आमच्या मुरमाड भाठ्यावर ते खत पहिल्याच पावसात वाहून जाते, हे त्याला सांगावे कसे?" त्या वेळी मी हे बोलणे केवळ एक आठवण म्हणून ऐकून घेतले. त्याचा अर्थ कळायला मला एक संपूर्ण हंगाम आणि एक मोठी चूक लागली.

ती चूक बियासीची. महाराष्ट्रातील वाचकाला हा शब्द बहुधा अपरिचित असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. छत्तीसगडात, विशेषतः पावसावर अवलंबून असलेल्या भागात, सर्वत्र रोवणी होत नाही. पुष्कळसे शेतकरी पाऊस लागताच धान फेकून पेरतात. पीक महिन्याभराचे झाले आणि बांधीत चार-सहा इंच पाणी साठले, म्हणजे त्या उभ्या, हिरव्यागार पिकातच नांगर घालतात. दाट रोपे विरळ होतात, तण चिखलात गाडले जाते, मुळांना मोकळीक मिळते. मग बाया रांगेने वाकून उपटलेली रोपे रिकाम्या जागी खोचत जातात, त्याला चलाई म्हणतात. बियासी झाल्यानंतरचे चार दिवस ती बांधी पाहवत नाही. गढूळ पाणी, त्यात आडवी पडलेली पिवळट रोपे, मधूनच नांगराच्या तासाचे वळण, आणि पाण्यावर तरंगणारे उपटलेल्या तणाचे पुंजके. आठ-दहा दिवसांत तीच बांधी पूर्वीपेक्षा जोमाने हिरवी होते.

श्रावणात आकाश बहुधा झाकलेले असते आणि साधे छायाचित्र घेणाऱ्या उपग्रहाला ढगांच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस ढगांत एका दिवसाची फट पडली आणि नेमका त्याच दिवशी उपग्रह वरून गेला. चित्र पाहताच आमच्या कार्यालयात धावपळ उडाली, कारण पंधरा दिवसांपूर्वी हिरव्या दिसणाऱ्या तीन गावांच्या बांध्या एकाएकी करड्या झाल्या होत्या. पुराने किंवा किडीने पीक गेले असा निष्कर्ष निघाला. त्याच संध्याकाळी निरोप सुटले: आपल्या शेतातील पिकाचे नुकसान झाल्याचे दिसते, खत देणे थांबवावे, विमा असल्यास बहात्तर तासांच्या आत कळवावे. तो निरोप मी स्वतः वाचून मंजूर केला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांपैकी एका गावी गेलो. धुऱ्यावर एक प्रौढ बाई उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला पदर खोचलेला, हातात रोपांची जुडी. माझ्या फोनवरचे चित्र मी तिला दाखवले आणि करडा डाग कोठे आहे ते सांगितले. तिने चित्राकडे पाहिले, मग बांधीकडे पाहिले, आणि लहान मुलाला समजवावे तशा स्वरात म्हणाली, "बाबू, धान मरे नइ हे, बियासी होय हे." धान मेलेले नाही, बियासी झाली आहे. तिचा मुलगा भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. आमचा निरोप त्याला पाळी चालू असताना मिळाला, तो अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून सायकलीने घरी आला आणि शेत पाहून काही न बोलता परत गेला. त्याहून वाईट गोष्ट अशी की, बियासीनंतर युरियाचा हप्ता देण्याची हीच वेळ असते आणि आम्ही नेमके त्याच वेळी खत थांबवा म्हणून सांगितले होते. काहींनी ते ऐकलेही.

मी त्या दिवशी धुऱ्यावर तासभर बसलो. तिला मी काकी म्हणू लागलो होतो. तिने मला जे सांगितले ते मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले, आणि आज आमच्या संगणकात धानाची पद्धत ओळखण्याचा जो नियम आहे तो त्या टिपणाचेच रूप आहे: रोवणीच्या बांधीत आधी पाणी दिसते, मग हिरवे, बियासीच्या बांधीत आधी हिरवे, मग पाणी, मग पुन्हा हिरवे. २०१४ पासून मिळणारी सेंटिनेल-१ ची रडार चित्रे ढगांतूनही जमीन पाहतात, साचलेले पाणी त्यांत काळे उमटते आणि रोप वाढू लागले की उजळत जाते. तो क्रम वाचायला आम्ही त्यानंतर शिकलो. उपकरण आमच्याजवळ पूर्वीपासून होते. काय वाचायचे ते मात्र काकीने सांगितले.

चित्रात डाग कोठे आहे हे पक्के कळते, पण तो का पडला याबद्दल चित्र बहुधा मौन पाळते, ही गोष्ट मला अशाच लहानमोठ्या प्रसंगांतून उमगत गेली. एका बांधीचा एकच कोपरा सतत फिका येत होता. आम्ही नत्राची उणीव धरून सल्ला दिला, आणि प्रत्यक्षात तेथे धुऱ्यात खेकड्याने बीळ पोखरले होते, त्यातून रात्रभर पाणी गळत होते. मालकाने दोन घमेली चिखल टाकून ते बुजवले आणि आठवड्यात कोपरा सावरला. तीच गोष्ट मातीची. येथील शेतकरी जमिनीला भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशा नावांनी ओळखतो. मुरमाड भाठा पाऊस उघडताच काही दिवसांत कोरडा पडतो, तर काळी कन्हार कितीतरी काळ ओल धरते. एकाच गावातील दोघांना एकच निरोप गेला की त्यांपैकी एकाला तो चुकीचाच ठरणार. ही नावे ब्रिटिश काळातील बंदोबस्ताच्या कागदांत आहेत, पटवाऱ्याला ती पाठ आहेत, गावातील पोरासोरांनाही ठाऊक आहेत. आमच्या यादीत मात्र त्यांना पहिली काही वर्षे रकानाच नव्हता.

आणि आता त्या गोष्टीकडे येतो जिने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले. खसरा म्हणजे सरकारी दप्तरातील जमिनीचा क्रमांक, आणि खार म्हणजे गावाबाहेरचा तो शेतांचा पट्टा, जेथे माणसे प्रत्यक्ष राबतात. आमची नोंदणी खसऱ्यावरून होई, म्हणजे ज्याच्या नावे जमीन त्याचा मोबाईल क्रमांक. भिलाई, दुर्ग आणि रायपूर ही तीन शहरे इतकी जवळ आहेत की जामुलच्या आसपासच्या गावांतील अनेक खातेदार शहरात राहतात आणि जमीन रेगहाने किंवा अधियाने दुसऱ्याला देतात. रेगहा म्हणजे ठराविक मोबदल्यावर आणि अधिया म्हणजे निम्म्या वाट्यावर. हा सगळा व्यवहार तोंडी असतो, त्याचा कागद नसतो. त्यामुळे तुडतुड्याचा प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता आहे, बांधीतील पाणी काढून टाकावे, हा आमचा निरोप शहरातील एखाद्या सदनिकेत वाजे, आणि ज्याच्या बांधीत बुंध्याशी तुडतुडे साचत होते त्याला पत्ताही नसे. रेगहाने शेती करणाऱ्या एका तरुणाने मला सांगितले की, पीक जळाल्यासारखे होऊन गोल गोल चकत्यांत बसले तेव्हा मालकाने त्याला फोन करून विचारले होते, "मला तर दहा दिवसांपूर्वी निरोप आला होता, तू काही केले नाहीस काय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तो प्रश्न माझ्या तोंडावर फेकल्यासारखा वाटला, कारण ती यादी आमची होती.

जेथे मालक स्वतः कसतो तेथेही फोन बांधावर असतोच असे नाही. घरात एक फोन, तो कर्त्या पुरुषाजवळ, आणि कर्ता पुरुष सकाळच्या पाळीला कारखान्यात. निंदणी, चलाई, खत टाकणे, बांधातून पाणी काढण्याची मुही उघडणे आणि बंद करणे ही कामे घरातील बाया आणि म्हातारी माणसे करतात. आमचे निरोप सकाळी दहाला जात, कारण कार्यालय दहाला उघडे. ते आम्ही रात्री आठवर नेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात परत येणारे प्रश्न वाढले, आणि त्या प्रश्नांत बायकांचे आवाज प्रथमच ऐकू आले. भाषेचेही तसेच. आमचा पहिला निरोप दिल्लीच्या बातम्यांसारख्या हिंदीत होता आणि त्यात मात्रा दर हेक्टरी सांगितलेली होती. येथे जमीन एकर-डिसमिलात मोजतात आणि बियाणे काठा-खांडीत. वीस काठ्यांची एक खांडी, आपल्या खंडीचीच ती बहीण. निरोप छत्तीसगडीत, एकराच्या हिशोबाने आणि गावातल्याच एका शिक्षिकेच्या आवाजात जाऊ लागला, तेव्हा लोक तो शेवटपर्यंत ऐकू लागले. सरकारी व्यवस्थाही मी पुष्कळ पाहिल्या आहेत. २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरचे मला सर्वांत मोठे मोल वाटते ते याचे की, तेथे प्रश्न शेतकरी विचारतो. निरोप धाडणारी यंत्रणा कितीही सुधारली तरी शेतकऱ्याला उलट बोलण्याची वाट तिच्यात नसेल, तर पंचायतीसमोरच्या त्या जुन्या दूरदर्शनसंचाहून ती फारशी पुढे गेलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक प्रसंग मी येथपर्यंत टाळत आलो. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा होता, धान पोटरीवर आले होते, आणि दहा-बारा दिवस पाऊस नव्हता. गावच्या तलावाचे पाणी पाळीपाळीने सोडले जात होते. आमच्याजवळ पावसाचा जो अंदाज होता तो संपूर्ण तालुक्याचा होता, आणि त्यावरून आम्ही कळवले की येत्या तीन दिवसांत पावसाची शक्यता आहे, पाणी देण्याची घाई करू नये. एका शेतकऱ्याने आमचे ऐकून आपली पाळी शेजाऱ्याला दिली. पाऊस आला, पण तो तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पडून गेला. या गावावर थेंब पडला नाही, आणि पाळी पुन्हा यायला नऊ दिवस लागले. कापणीच्या वेळी मी त्या शेतकऱ्याच्या खळ्यावर गेलो. त्यांनी ओंजळभर धान उचलून माझ्या तळहातावर ओतले आणि हलकेच फुंकर घातली. निम्म्याहून अधिक दाणे उडून गेले. त्या पोचट दाण्यांना येथे बदरा म्हणतात. ते मला कडू बोलले असते तर मला बरे वाटले असते; ते इतकेच म्हणाले की, पुढच्या वेळी पाऊस येईल असे सांगाल तेव्हा येणार नाही असेही होऊ शकते, हेही सांगत जा.

त्यानंतर शक्यता या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितल्याखेरीज आमचा एकही पावसाचा निरोप गेलेला नाही, आणि पाणी सोडून द्या किंवा पाळी गमवा असे आम्ही अंदाजाच्या भरवशावर पुन्हा कधीही सांगितलेले नाही. नुकसान भरून देण्याची आमच्या संस्थेत कोणतीही तजवीज नव्हती. ती असावी म्हणून मी लेखी मागणी केली, तिचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. सल्ला देणाऱ्याने सल्ल्याच्या परिणामाचा वाटा उचलावा की नाही, हा प्रश्न या क्षेत्रात कोणी फारसा काढत नाही. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दोन एकरांच्या धन्याजवळ चुकीला जागा नसते.

आज आमच्या नोंदवहीत खातेदाराच्या नावाशेजारी आणखी एक रकाना आहे: बांधावर कोण. तो भरण्यासाठी दरवर्षी अक्तीच्या सुमारास, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, शेतीचे करार नव्याने ठरतात त्या दिवसांत, आमची माणसे घरोघर जातात. रेगहादाराचे नाव विचारले की मालकाला शंका येते, कूळ लागेल अशी धास्ती वाटते; म्हणून त्या रकान्याचा उपयोग निरोपापलीकडे कशालाही होणार नाही असे आम्ही लिहून देतो आणि ते पाळतो. हे काम उपग्रहाच्या चित्रांपेक्षा महाग पडते आणि त्यासाठी पैसा मिळवणे दरवर्षी अवघड जाते, कारण देणाऱ्यांना रंगीत नकाशा दाखवता येतो, रकाना दाखवता येत नाही. तरी जो खर्च आधी वाचवायचा असेल तो मी नकाशाचा वाचवीन.

नागपूर, पुणे आणि इतर ठिकाणी या विषयात पदव्या घेणारी मराठी मुलेमुली मला पत्रे लिहितात, कामाला यायची इच्छा दाखवतात, आणि कोणती आज्ञावली शिकून यावी असे विचारतात. आज्ञावली येथे आल्यावर शिकता येईल. तुम्ही येथील पंचांगाप्रमाणे श्रावणी, म्हणजे आपल्या आषाढी अमावास्येला, हरेलीच्या आसपास या. त्या दिवशी येथे नांगरांची पूजा होते, आणि बियासी चालू असते. जामुलहून सायकलीने अर्ध्या तासात बांधीवर पोचता येते. चिखलात उतरता येईल असे कपडे आणा.